घराचा शेवटचा दाखला

(घर बांधून झाले की काम संपले, असे आपल्याला वाटते. परंतु त्यात राहायला जाण्यापूर्वी एक महत्त्वाचा दाखला मिळवावा लागतो. तो कशासाठी लागतो आणि तो मिळवताना आपली चूक कशी सुधारावी लागली, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

जुन्या नाशकात आमचे भाड्याचे घर होते. खोल्या दोन आणि माणसे सात. घर दुसऱ्या मजल्यावर होते. लाकडी जिना चढताना दादीला दोन वेळा थांबावे लागे. अब्बा नेहमी म्हणत, "नोकरी संपली की वडाळ्याच्या जागेवर घर बांधू. तुझ्या दादीला जिना चढावा लागणार नाही."

अब्बा निवृत्त झाले आणि त्यांनी खरोखरच घराचे काम हाती घेतले. ओळखीच्या एका मिस्त्रीने विचारले, "उद्यापासून पाया खणू का?" अब्बा म्हणाले, "आधी नकाशा, मग पाया."

एका वास्तुविशारदाने आमच्या जागेचा सातबारा उतारा आणि मोजणीचा नकाशा पाहिला. त्याने घराचा आराखडा काढला व महानगरपालिकेकडे अर्ज केला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याप्रमाणे अशी परवानगी घ्यावी लागते. घर किती उंच असावे, चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडावी, याचेही नियम आहेत. बृहन्मुंबई सोडून राज्यातील बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकच नियमावली मंजूर झाली. नाशिकलाही तीच लागू आहे. आमचा नकाशा मंजूर झाला आणि बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतरच जमिनीवर पहिली कुदळ पडली.

पाया भरून काम जोत्यापर्यंत आले, तेव्हा ते तपासून घेतले. वास्तुविशारद म्हणाला, "जोते चुकले तर वरचे सारे घर चुकते. आता चूक सापडली तर सुधारता येईल. छत पडल्यावर ती महागात पडते."

येथपर्यंत सारे नियमाप्रमाणे झाले. पुढची चूक माझी.

आमच्या घराच्या एका बाजूला दीड मीटर रुंदीची मोकळी पट्टी सोडलेली होती. रविवारी दहावीची काही मुले माझ्याकडे शंका विचारायला येत. त्यांना बसण्यासाठी एक लहान खोली असावी, असे मला वाटे. अब्बा एका लग्नासाठी मालेगावला गेले होते. मी मिस्त्रीला सांगून त्या पट्टीत दोन भिंती उभ्या करून घेतल्या आणि वर पत्रे टाकले. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब अशी खोली तयार झाली.

अब्बा परत आले. खोलीकडे पाहून त्यांनी विचारले, "ही नकाशात आहे का?"

मी म्हणालो, "नाही. पण मुलांच्या अभ्यासासाठीच आहे ना! आणि एवढीशी जागा कोण मोजायला येणार आहे?"

अब्बा काही बोलले नाहीत.

रमजान जवळ आला होता. रंग झाला, नळ बसले, विजेच्या तारा भिंतीतून फिरल्या. ईद नव्या घरात करायची, असे सर्वांनी ठरवले होते. वास्तुविशारदाने काम पूर्ण झाल्याचा दाखला तयार केला. इमारत भक्कम असल्याबद्दल संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्रही जोडले. भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज गेला. भोगवटा म्हणजे जागेचा ताबा व वापर. 'मंजूर नकाशाप्रमाणे हे घर बांधले आहे, आता यात राहण्यास हरकत नाही', असे हे प्रमाणपत्र सांगते. महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा म्हणतो, की बांधकाम पूर्ण झाल्यावर मालकाने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवावे, तपासणी करू द्यावी आणि परवानगीशिवाय तेथे राहू नये.

ठरलेल्या दिवशी महानगरपालिकेचे अभियंता आले. त्यांच्या एका हातात मंजूर नकाशा होता आणि दुसऱ्या हातात टेप. त्यांनी खोल्या मोजल्या, जिना पाहिला, गच्चीचा कठडा पाहिला. मग ते बाजूच्या पट्टीकडे आले आणि थांबले.

"ड्रेनेजचे चेंबर कुठे आहे?" त्यांनी विचारले.

मी नकाशा पाहिला आणि माझा चेहरा उतरला. चेंबर माझ्या नव्या खोलीच्या फरशीखाली होते.

अभियंता शांतपणे म्हणाले, "सर, ही जागा वाया गेलेली नाही. इथून हवा येते, उजेड येतो. आग लागली तर माणसाला इथून बाहेर पडता येते. तुमच्या शेजाऱ्यांची खिडकीही याच बाजूला आहे." मी मान वर करून पाहिले. शेजारच्या खिडकीसमोर माझे पत्रे आले होते. त्या घरात दिवसा दिवा लागलेला होता. शेजारी मात्र मला एका शब्दाने बोलले नव्हते.

वाढीव बांधकाम काढल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नव्हते. मिस्त्री हळूच म्हणाला, "पत्रे आणि भिंती आता काढू. कागद हातात आला, की पुन्हा उभ्या करू. पुष्कळ लोक असेच करतात."

मला ते पटू लागले होते. एवढ्यात अब्बा म्हणाले, "दाखला कागदासाठी घ्यायचा, की घरासाठी?"

त्या रात्री मला झोप आली नाही. मला ठाण्याजवळील शिळफाट्याची इमारत आठवली. ४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळली आणि ७४ माणसे मरण पावली. तिला बांधकामाची परवानगी नव्हती. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहत होती. मरण पावलेल्यांत मजूर होते, लहान मुलेही होती. तेथे कोणी वेळेवर नकाशा मागितला असता, काम थांबवले असते, तर? माझी खोली लहान होती, हे खरे. पण 'कोण मोजायला येणार आहे?' हे माझे शब्द लहान नव्हते.

घर बांधणाऱ्याला जाब विचारण्याची रीत फार जुनी आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने दगडावर कायदे कोरून घेतले. घर कच्चे बांधल्यामुळे ते कोसळून मालक मेला, तर बांधणाऱ्याला मृत्युदंड द्यावा, असे त्यात लिहिले आहे. आजचा कायदा अपघात होण्याची वाट पाहत नाही. तो आधीच घर तपासून घेतो. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की असे प्रमाणपत्र पाहिल्यावरच इमारतीला वीज, पाणी यांच्या जोडण्या द्याव्यात.

सकाळी मी स्वतः पहार घेतली. पहिली वीट मी काढली. पत्रे विकून टाकले, म्हणजे पुन्हा मोह नको. वाया गेलेल्या पैशांचा हिशेब मी वहीत लिहिला आणि ती रक्कम माझ्या पगारातून अब्बांना दिली.

पुन्हा तपासणी होईपर्यंत रमजान संपला. ईद जुन्याच घरात झाली. एक महिन्याचे भाडे जास्त द्यावे लागले. मला वाईट वाटत होते. दादी हसून म्हणाली, "या जिन्याने मला इतक्या ईद दाखवल्या. आणखी एक दाखवली, तर काय बिघडले?"

ईदनंतर काही दिवसांनी प्रमाणपत्र मिळाले. अब्बांनी ते दोनदा वाचले आणि सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवले. आम्ही दादीला रिक्षातून नव्या घरी आणले. ती उंबरठा ओलांडून आत आली. वाटेत जिना नव्हता.

जुलैमध्ये दोन दिवस सारखा पाऊस पडला. गल्लीत पाणी तुंबले. सफाई कामगार आमच्या बाजूच्या पट्टीत आले. त्यांनी चेंबरचे झाकण उचलले, कचरा काढला आणि अर्ध्या तासात पाणी वाहून गेले. शेजाऱ्यांच्या खिडकीतून त्यांची लहान मुलगी ते पाहत होती. तिच्या घरात दिवा लागलेला नव्हता.

रविवारी मुले येतात. आता ती आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसतात. जागा थोडी कमी पडते, पण उजेड भरपूर असतो.

शब्दार्थ
भूखंड – जमिनीचा तुकडा
वास्तुविशारद – इमारतीचा आराखडा तयार करणारा
जोते – पायाच्या वरचा, जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतचा भाग
कठडा – पडू नये म्हणून गच्चीला घातलेली बुटकी भिंत
पहार – खणण्यासाठी, फोडण्यासाठी वापरतात ती जाड लोखंडी सळई
चेहरा उतरणे – खजील होणे, निराश होणे
जाब विचारणे – केलेल्या कृतीचे कारण विचारणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांना घर कोठे बांधायचे होते?
(आ) भोगवटा प्रमाणपत्र काय सांगते?
(इ) लेखकाने पत्रे का विकून टाकले?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घराच्या बाजूला मोकळी जागा का सोडतात?
(आ) 'माझे शब्द लहान नव्हते', असे लेखकाला का वाटले?
३. 'अर्ज, मंजूर, नकाशा, इमारत, दाखला, मालक' हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. मिस्त्रीचा सल्ला अब्बांनी मानला असता तर काय झाले असते? आपल्या शब्दांत लिहा.