आयर्लंडची मतपद्धती आणि नांदेड-लातूरचे मतदार

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील माध्यमिक शिक्षक सहा वर्षांतून एकदा अशा मतपत्रिकेवर मत देतो, जिच्यावर शिक्का मारावयाचा नसतो. उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहावयाचे असतात. औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघाची ही रीत तशीच विभागाच्या पदवीधर मतदारसंघालाही लागू आहे, आणि जिल्हा परिषद सदस्य व नगरसेवक ज्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघात मत देतात त्यालाही. हीच रीत ज्या देशात सर्वसामान्य नागरिक लोकसभेच्या निवडणुकीत वापरतो तो देश म्हणजे आयर्लंड.

भारतीय राज्यघटनेचे आयर्लंडशी असलेले नाते नागरिकशास्त्राच्या पुस्तकात सहसा एका वाक्यात संपते : मार्गदर्शक तत्त्वे तेथून घेतली. हे खरे आहे. एमन डी व्हॅलेरा यांच्या पुढाकाराने १९३७ मध्ये अमलात आलेल्या आयरिश घटनेच्या ४५व्या अनुच्छेदात समाजधोरणाची तत्त्वे नमूद केलेली असून न्यायालयांना त्यांची अंमलबजावणी करवून घेता येणार नाही, असेही तेथेच म्हटले आहे. आपल्या घटनेच्या चौथ्या भागाची घडण तीच आहे. ग्रामपंचायतींविषयीचा अनुच्छेद ४० याच भागात येतो. तो १९५० मध्ये अमलात आला, परंतु पंचायतींच्या नियमित निवडणुकांना घटनात्मक बंधन लाभले ते ७३व्या घटनादुरुस्तीने, एप्रिल १९९३ मध्ये. राज्यसभेत साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा या क्षेत्रांतील बारा व्यक्ती नामनिर्देशित करण्याची कल्पनाही आयर्लंडच्या सेनेटवरूनच सुचलेली आहे.

मतपद्धतीचा धागा मात्र फारसा कोणी उलगडून दाखवीत नाही.

आयर्लंडमधील व्यवहार

आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहाला डॉल असे नाव आहे. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत ४३ मतदारसंघांतून १७४ सदस्यांचे हे सभागृह निवडले गेले. प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच सदस्य येतात. मतदार आपल्या पसंतीचा क्रम लावतो. ठरावीक कोटा गाठणारा निवडून येतो, त्याची कोट्यावरील शिल्लक मते पुढील पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, आणि सर्वांत कमी मते मिळविणारा बाद झाला म्हणजे त्याचीही मते पुढे सरकतात. परिणामी एका पक्षाला निर्विवाद बहुमत मिळणे दुर्मीळ होते. २०२४ मध्ये फिआना फॉल पक्षास ४८, शिन फेन पक्षास ३९ आणि फिना गेल पक्षास ३८ जागा मिळाल्या. यांपैकी पहिला व तिसरा पक्ष १९२२-२३ च्या यादवी युद्धातील परस्परविरोधी बाजूंचे वारस. पण जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी काही अपक्षांसह मिळून सरकार बनविले.

ही पद्धत रद्द करून आपल्या लोकसभेसारखी साधी बहुमताची पद्धत आणावी, असा प्रस्ताव फिआना फॉल सरकारने दोनदा जनतेपुढे ठेवला, १९५९ व १९६८ मध्ये. दोन्ही वेळा सार्वमताने तो फेटाळला. १९५९ चा प्रसंग तर मौजेचा आहे. एकाच दिवशी लोकांनी डी व्हॅलेरा यांना राष्ट्राध्यक्ष निवडले आणि त्यांचाच प्रस्ताव अमान्य केला.

भारताच्या संविधान सभेतही जानेवारी १९४९ मध्ये लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी झाली होती. वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशी दुरुस्ती मांडली. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि स्थिर सरकारची गरज ही कारणे देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्या काळातील साक्षरता पाहता हा निर्णय व्यवहार्यच म्हणावा लागेल. परंतु राष्ट्रपती, राज्यसभा व विधानपरिषद यांच्या निवडणुकांत एकल संक्रमणीय मताची पद्धत घटनेने कायम ठेवली.

अर्धे मत म्हणजे काय

लातूरच्या राजकीय इतिहासात या पद्धतीचे एक उदाहरण वारंवार सांगितले जाते. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत विलासराव देशमुख लातूरमधून पराभूत झाले. १९९६ मध्ये ते विधानपरिषदेसाठी अपक्ष म्हणून उभे राहिले आणि केवळ अर्ध्या मताने हरले. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेच मुख्यमंत्री झाले. मतदार आमदार होते, आमदार काही अर्धा नसतो. मग अर्धे मत आले कोठून?

एकापेक्षा अधिक जागांच्या अशा निवडणुकीत प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरतात. वैध मतांच्या एकूण मूल्यास जागांच्या संख्येत एक मिळवून भागावयाचे आणि भागाकारात एक मिळवावयाचा, की कोटा निघतो. जून २०२२ मधील राज्यसभेच्या निवडणुकीत महाराष्ट्रात सहा जागा व २८४ वैध मते होती. २८,४०० भागिले ७, अधिक १, म्हणजे ४,०५८. पीयूष गोयल व अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते, म्हणजे ४,८०० मूल्य मिळाले. प्रत्येकाकडे ७४२ शिल्लक राहिले. ही शिल्लक ४८ पत्रिकांवर वाटली असता प्रत्येक पत्रिका १५ मूल्याने पुढे सरकते. सहाव्या जागेसाठी संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ आणि धनंजय महाडिक यांना २७ मते होती. तरीही निवडून आले ते महाडिक, कारण शिल्लक मूल्याचा ओघ त्यांच्याकडे वळला. शंभराचे असे तुकडे होत असल्यामुळेच पराभवाचे अंतर एका मताहूनही कमी असू शकते.

शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत जागा एकच असते, म्हणून हिशेब सोपा होतो. समजा, वैध मते १०,००० आहेत, कोटा ५,००१. पहिल्या उमेदवारास ४,२००, दुसऱ्यास ३,५०० आणि तिसऱ्यास २,३०० मते पडली. तिसरा बाद होतो. त्याच्या पत्रिकांपैकी १,६०० वर दुसरी पसंती दुसऱ्या उमेदवारास आहे, ४०० वर पहिल्यास, आणि ३०० वर दुसरी पसंती लिहिलेलीच नाही. दुसरा उमेदवार ५,१०० मतांनी विजयी होतो. त्या ३०० मतदारांनी अंतिम निवडीत भाग घेतलाच नाही, असा याचा अर्थ. जागा एकच असल्याने येथे ‘प्रमाणशीर’ हा शब्द नावापुरताच उरतो, हेही ध्यानात घ्यावे. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक अशीच होते.

सुशिक्षितांच्या या मतदारसंघांत अवैध मतांची संख्या पाहून आश्चर्य वाटते. नियम मात्र फार थोडे आहेत. पहिली पसंती लिहिणे अनिवार्य आहे व ती एकाच नावापुढे हवी. पसंती आकड्यातच लिहावी. देवनागरी किंवा रोमन आकडा चालतो, ‘एक’ असा शब्द किंवा बरोबरची खूण चालत नाही. मतपत्रिकेसोबत दिलेला जांभळा स्केचपेनच वापरावा. सही, नाव वा अंगठा पत्रिकेवर उमटला की मत बाद. १ व २ नंतर चुकून ४ लिहिल्यास पहिल्या दोन पसंती ग्राह्य राहतात, पुढील नाही.

मत कोणाला आणि कोणाला नाही

महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ७८ सदस्यांपैकी २२ स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांतून येतात. शिक्षकांना व पदवीधरांना प्रत्येकी ७ जागा आहेत. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक व त्यावरील संस्थांतील शिक्षकच मतदार असतो. वाडी-तांड्यावरच्या प्राथमिक शाळेचा गुरुजी, ज्याच्यावर निवडणुकीचे निम्मे काम पडते, तो या यादीत नसतो. पदवीधर असल्यास दुसऱ्या यादीत तो नाव नोंदवू शकतो, एवढेच. आयर्लंडमध्येही सेनेटच्या सहा जागा दोनच विद्यापीठांच्या पदवीधरांपुरत्या होत्या. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरविला आणि २०२४ मध्ये मताधिकार विस्तारणारा कायदा झाला.

स्थानिक प्राधिकारी मतदारसंघांची अवस्था अधिक नाजूक. नांदेड हा स्वतंत्र मतदारसंघ आहे. लातूर हा उस्मानाबाद व बीडसह एका मतदारसंघात येतो. मतदारसंघातील किमान ७५ टक्के संस्था कार्यरत व ७५ टक्के मतदार उपलब्ध असल्याखेरीज निवडणूक आयोग येथे निवडणूक घेत नाही. मार्च २०२२ मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ ते राहिले. सदस्यच नव्हते, म्हणून मतदार नव्हते. मतदार नव्हते, म्हणून मुदत संपलेल्या आमदारांच्या जागी कोणी नव्हते. गावातील निवडणूक लांबल्याचा परिणाम मुंबईच्या सभागृहातील रिकाम्या आसनापर्यंत असा पोहोचतो.

ग्रामपंचायत सदस्याला मात्र संस्था सुरळीत चालू असतानाही महाराष्ट्रात हे मत नाही. कर्नाटकात ते आहे. देगलूर किंवा उदगीर तालुक्यातील सीमेवरच्या गावचा पंच विधानपरिषदेच्या मतदानादिवशी आपल्या शेतात असतो; हद्दीपलीकडे बीदर जिल्ह्यातील पंच त्याच मतदानासाठी रांगेत उभा असतो.