आधी घरातलं वेळापत्रक बघ

अगं, निवाऱ्यातल्या त्या मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला घरी आणायचं म्हणतेस, ऐकून मन भरून आलं. पण ताई म्हणून एक सांगू? त्याला बघून डोळ्यांत पाणी आलं, एवढ्यावर ठरवू नकोस. कीव चार दिवसांत ओसरते, आणि त्याला तर रोज तुझा वेळ लागणार आहे.

कमरेखाली लकवा असलेल्या बऱ्याच कुत्र्यांना आपणहून लघवी होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटावर हलक्या हाताने दाब देऊन मूत्राशय रिकामं करावं लागतं, नाहीतर संसर्ग होतो. ते डॉक्टरांसमोर स्वतः करून शिकून घे. फरशीवर घासून जखमा होतात, एकाच कुशीवर पडून अंग सोलतं. म्हणून गादी मऊ हवी, कूस बदलायला हवी, त्वचा कोरडी राहायला हवी. हे सगळं नीट झालं आणि चाकांची गाडी जमली, की बघ कसा पळतो ते!

एवढं झेपत नसेल तर निवाऱ्यात तसं मोकळेपणाने सांग. तिथे तीन पायांचा कुत्राही असेल. त्याचं वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत टाइल्सवर चटया टाकायच्या. न दिसणाऱ्यासाठी सोफा आणि पाण्याचं भांडं जागचं हलवायचं नाही, हात लावण्याआधी हाक मारायची. ऐकू न येणारा हाताच्या खुणांनी छान शिकतो. फक्त रस्त्यावर त्याचा पट्टा सोडायचा नाही.

कोणताही आणलास तरी पहिले काही दिवस पाहुण्यांना बोलावू नकोस. तो पलंगाखाली बसेल, जेवणार नाही. बसू दे. पुरतं रुळायला दोन-तीन महिनेही लागतात. गोचीडतापासाठी रक्त तपासून घे. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपरच्या लसी आणि नसबंदी झाली आहे का ते विचार. महापालिकेचा परवाना काढ. आणि दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नकोस, जिवावर बेतेल.

सोसायटीची धास्ती घेऊ नकोस. बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय. मात्र त्याची घाण उचलणं आपलं काम.

आता आज रात्री सगळ्यांना जेवायला एकत्र बसव आणि कागदावर लिही: सकाळी कोण, दुपारी कोण, रात्री कोण, तू गावाला गेलीस तर कोण. प्रत्येक वेळेपुढे नाव आलं, तर बिनधास्त जा आणि त्यालाच घेऊन ये. दुपारची जागा रिकामी राहिली, तर ज्याचं सगळं तुमच्याकडून नीट होईल असा दुसरा निवड आणि या लकवा झालेल्याच्या औषधांचा खर्च उचल. दोन्हींत तुझी माया तितकीच खरी आहे.