बोट अडकलं तर ओढायचं नाही

सुनबाई, सकाळी अनामिका वाकलेलीच राहते आणि दुसऱ्या हातानं सरळ केली की कट्‌कन सुटते, असं तू म्हणालीस ना? तिला ओढू नको, कुणाला ओढूही देऊ नको. हाडवैद्याकडं तर जाऊच नको, हाड जागेवरच आहे. बोट वाकवणारी दोरी तळहातात बोटाच्या बुडाशी एका अरुंद कड्यातून सरकते. कडं जाड झालं, दोरी सुजली, की नेफ्यात गाठ पडलेल्या नाडीगत ती अडकते. म्हणून आवाज मधल्या पेरात आला तरी दुखणं तळहातात असतं. बुडाशी दाबून बघ, बारीक गाठ लागेल. फ्रान्सच्या नोत्ता डॉक्टरनं 1850 सालीच ती लिहून ठेवलीय, तेव्हा कुणी 'बाहेरचं' म्हणालं तर हसून सोडून दे.

माहेरी कोरेगावला तुझ्या हातात खुरपं होतं, इथं तासगावात कात्री आली. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग घडांची विरळणी. दिवसभर एकच मूठ आवळायची. कात्रीला धार ठेव, बोथट कात्री जास्त जोर मागते. दांड्या बारीक असतील तर सायकलची जुनी ट्यूब चढव. एक ओळ झाली की कात्री खाली ठेवून बोटं पूर्ण उघडायची.

आणि धार काढताना अंगठा दुमडून सडावर दाबायची तुझी खोड आहे, ती सोड. पूर्ण मुठीनं काढ. अंगठा दुमडला की सगळा ताण त्याच्या दोरीवर, शिवाय म्हशीच्या सडालाही इजा होते. आपल्याकडं बायांचे अंगठे अडकतात ते बऱ्याचदा यानंच, असं माझं मत.

घरी काय करायचं? सकाळी कोमट पाण्यात हात धर. मेडिकलमधून बोटाची पट्टी आण, बुडाचा सांधा सरळ राहील अशी रात्री बांध, आणि पाच-सहा आठवडे तरी सोडू नको. शेजारीण मऊ चेंडू दाबायला सांगेल. ते उलट वाईट, मूठ आवळूनच तर दुखणं आलंय.

दरम्यान साखर तपासून घे, तीन महिन्यांची सरासरी दाखवते ती. मधुमेह असलेल्यांना हे दुखणं बरंच जास्त होतं, एकामागून एक बोटं अडकतात. थायरॉईडही बघून घे.

तरीही सुटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरला दाखव. वानलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत दवाखाना उभारला, तेव्हापासून आपली माणसं मिरजच गाठतात, तू कराडला गेलीस तरी चालेल. डॉक्टर बुडाशी स्टिरॉईडचं इंजेक्शन देतील. नावाला घाबरू नको, पुष्कळांचं बोट एकाच सुईत मोकळं होतं. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मधुमेह असेल तर आधी सांग, कारण पुढचे काही दिवस साखर चढते, आणि अशांना गुणही कमी येतो. पुन्हापुन्हा टोचून घेण्यापेक्षा ऑपरेशन बरं. हात तेवढा बधिर करून, तळहातावर छोटा छेद देऊन ते कडं मोकळं करतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. बोट मात्र पहिल्या दिवसापासून हलवायचं. टाके निघेपर्यंत धार नाही, कात्री नाही. जड कामाला महिनाभर थांब. तोवर म्हैस तुझा नवरा पिळेल, शिकू दे त्याला.

एक सोडून सगळ्याला सवड आहे. बाभळीचा काटा टोचला आणि बोट लाल होऊन पूर्ण सुजलं, सरळ करताना ठणकलं, ताप आला, तर पट्टीबिट्टी करत बसू नको. दोरीच्या वेष्टणात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठ, रात्र असली तरी.