घोरण्यातली शांतता

हॉस्टेलमध्ये घोरणाऱ्याची सगळेच थट्टा करतात. आमच्या विंगमध्ये तर एकाच्या घोरण्याची रिंगटोन केली होती. माझं लक्ष मात्र घोरण्याकडे नसतं, मधेच पडणाऱ्या शांततेकडे असतं. बाबांच्या स्लीप टेस्टचा रिपोर्ट वाचल्यापासून ही सवय लागली आहे.

रिपोर्टमध्ये दोन शब्द होते. ॲप्निया म्हणजे निदान १० सेकंद श्वास जवळजवळ बंद. हायपॉप्निया म्हणजे श्वास चालू, पण हवेचा प्रवाह ३० टक्के किंवा जास्त घटलेला, आणि त्यासोबत रक्तातला ऑक्सिजन उतरतो किंवा झोप चाळवते. दोन्ही मिळून तासाला ५ च्या आत असले तर नॉर्मल, ३० आणि वर म्हणजे सिव्हिअर. बाबांचे ३४ होते.

आता हेच कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत बघू. ऑक्सिजनचा सेन्सर मानेतल्या धमनीपाशी आहे. फुफ्फुसातलं रक्त तिथे पोचायला काही सेकंद जातात, म्हणजे लूपमध्ये डिले आलाच. ऑक्सिजन घसरला की व्हेगस नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते (पाण्यात बुडी मारल्यावर लागतो तोच!) आणि त्याच वेळी दुसऱ्या नर्व्हज रक्तवाहिन्या आवळतात. मग मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो, ब्रेक निघतो आणि ठोके धावत सुटतात. हळू, जलद, परत हळू. थिअरी ऑफ मशीन्समधलं गव्हर्नरचं हंटिंग आठवा. गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ईसीजीत हाच नमुना दाखवला.

शिवाय घसा बंद असताना छाती हवा ओढतच राहते. आत निगेटिव्ह प्रेशर वाढतं आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पातळ भिंती ताणल्या जातात. अशा ताणलेल्या भिंतीत विजेचा संदेश वाट चुकू शकतो. एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं ते असंच काहीसं.

अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात श्वासाच्या अशा अडथळ्यानंतर लगेच ठोके बिघडण्याची शक्यता जवळजवळ १८ पट निघाली. वाचून माझी झोपच उडाली. पण त्यातच पुढे होतं की असा एक जादा बिघाड साधारण ४०,००० अडथळ्यांमागे होतो. म्हणून कॅल्क्युलेटर काढला. तासाला ३४, सात तासांचे २३८, म्हणजे सुमारे १६८ रात्री. हा सरासरीचा हिशोब आहे, बाबांचं भविष्य नव्हे. तरी ‘१८ पट’पेक्षा ‘साडेपाच महिन्यांत एकदा’ हे मला जास्त नीट कळलं.

यावर सीपॅप मशीन आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये मांडलं. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, बस्स! २०१६ च्या मोठ्या चाचणीत मात्र त्याने हार्ट अटॅक कमी झालेले दिसले नाहीत. लोकांनी ते रात्री सरासरी साडेतीन तासही लावलं नव्हतं. आमच्या घरीही बाबा दोन वाजता मास्क काढून ठेवतात आणि आई उठून परत लावते.