मकबऱ्याचे दगड

मुलांनो, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा पांढराशुभ्र दिसतो. पण तो सगळा संगमरवरी नाही. घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवराचा आहे. मधल्या भिंती मात्र काळ्या दगडाच्या असून त्यांवर गिलावा केलेला आहे.

हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला आणि थंड होऊन घट्ट झाला. म्हणून हा अग्निजन्य खडक. तो लवकर थंडावला, त्यामुळे त्याचे कण बारीक आहेत. ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड होतो. त्याचे कण डोळ्यांना सहज दिसतात.

संगमरवर आधी चुनखडी होता, म्हणजे थर साचून झालेला स्तरित खडक. उष्णता व दाब यांमुळे तो रूपांतरित झाला. त्याच्या भुकटीवर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. हा प्रयोग घरी करा, मकबऱ्यात नको!