आरोग्याचा कानमंत्र : वाळवणातून मुलांचा खाऊ

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला सुमारे तीनशे पायऱ्या चढाव्या लागतात. चढताना मुलांना भूक लागते आणि हातात येते ते तळलेल्या, खारट खाऊचे पाकीट. घरीही तेच. दुसरीकडे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव पडला की माल मातीमोल होतो. या दोन्हींवर आपल्या आजीच्या काळापासूनचा उपाय म्हणजे वाळवण.

वाळवण म्हणजे काय?

जंतू व बुरशी यांना वाढायला पाणी लागते. ते काढून घेतले की पदार्थ टिकतो. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात बाळहिरडा उन्हात वाळवतात, घरोघरी आंबोशी आणि आवळकाठी होते, त्यामागे हेच तत्त्व आहे. पिकलेल्या टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. म्हणून एक किलो टोमॅटो वाळून जेमतेम ६० ते ७० ग्रॅम उरतो.

कसे करावे?

फळे धुऊन, पुसून, अर्धा सेंटीमीटर जाडीच्या एकसारख्या चकत्या कराव्यात. केळ्याच्या चकत्या लिंबाच्या पाण्यात बुडवून काढल्यास काळ्या पडत नाहीत. मे महिन्याच्या कडक उन्हात ताटांत एकेरी पसराव्यात, वर मलमलचे स्वच्छ कापड बांधावे, रात्री आत घ्याव्यात. विजेचे वाळवणी यंत्र असल्यास ५५ ते ६० अंश सेल्सिअस पुरे. चारशे वॅटचे यंत्र आठ तास सलग चालले तर फार तर सव्वातीन युनिट वीज लागते. पावसाळ्यात त्याचा उपयोग होतो.

टोमॅटो कुरकुरीत वाळला की दळून त्यात जिरेपूड मिसळावी. चुरमुरे, फुटाणे यांवर ही पूड भुरभुरली की मुले आवडीने खातात. आवळ्याचा कीस आल्याच्या रसात घोळवून वाळवावा. केळ्याच्या चकत्या तर साखरेशिवायच गोड लागतात.

सांभाळायच्या गोष्टी

खरा धोका अर्धवट वाळलेल्या मालात आहे. १९७४ साली राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागात पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे काविळीने दगावली. या बुरशीचे विष यकृतावर घाला घालते आणि स्वयंपाकाच्या आचेवर पुरते नाहीसे होत नाही. म्हणून बुरशी दिसली तर खरवडून खाऊ नका, जनावरांनाही घालू नका, सगळे फेकून द्या.

वाळलेला माल गार झाल्यावर काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. आतल्या बाजूला ओल दिसली तर पुन्हा वाळवा.

दुसरी गोष्ट गोडाची. पाणी जाते, साखर मात्र राहते. मूठभर बेदाणे म्हणजे तीन-चार मुठी द्राक्षे. मधुमेही माणसाने 'घरचे आहे, फळच आहे' म्हणून वाडगाभर खाल्ले, तर साखर वाढणारच. चमचाभर पुरे, तेही डॉक्टरांना विचारून. चिकट सुकी फळे दातांत अडकतात, खाल्ल्यावर चूळ भरावी.

तिसरी गोष्ट मिठाची. पापड, कुरडई, सांडगे यांत मीठ असते, पापडात तर पापडखारही असतो. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमच्याहून कमी असावे. रक्तदाब असलेल्यांनी या पदार्थांवर हात आखडता ठेवावा. बाजारचे पिवळेधमक बेदाणे गंधकाची धुरी दिलेले असू शकतात, दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होऊ शकतो.

चार वर्षांखालील मुलांना कडक तुकडे देऊ नयेत, घशात अडकतात. वाळवणात क जीवनसत्त्व बरेच घटते, तेव्हा ताजे फळ बंद करू नये. हा खाऊ ताज्या फळाऐवजी नव्हे, पाकिटाऐवजी द्यायचा आहे.

यंदा एक किलो टोमॅटोपासून सुरुवात करून पाहा.