पक्षाघाताच्या रुग्णाचा रुग्णालयातील आहार : पेयादी क्रमाचा फेरविचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या 28 व्या अध्यायात केलेले पक्षाघात-चिकित्सेचे विवेचन आपणां सर्वांस ज्ञात आहेच. प्रस्तुत लेखात आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे : रुग्णालयातील पहिल्या आठ-दहा दिवसांत रुग्णाच्या मुखात काय जावे? जठारपेठेत नातेवाईक डबा हाती घेऊनच आमच्याकडे येतात आणि विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, मुंगाचं पानी देऊ काय?’

अग्नी मंद, म्हणून प्रथम मंड, मग पेया, नंतर विलेपी, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. आम्हीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. परंतु संसर्जनक्रम हा शोधनानंतरच्या अग्नीसाठी आहे. येथे अग्नीच्या आधी गिळण्याचीच अडचण आहे. पातळ द्रव जिभेवरून वेगाने घसरतो, श्वासमार्ग झाकला जाण्याची क्रिया मात्र मंदावलेली असते. द्रव फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. म्हणजे जो मंड सर्वांत लघू, तोच या रुग्णास बहुधा सर्वांत घातक! ठसका लागला नाही म्हणून घोट नीट उतरला असेही नव्हे; कित्येकांत तो निःशब्दपणे श्वासमार्गात जातो. यास्तव गिळण्याची तपासणी होईपर्यंत मुखावाटे अन्न, पाणी वा औषध काहीही देऊ नये. तपासणीत कोणता दाटपणा झेपतो ते ठरते, आणि तेव्हा विलेपी किंवा मऊ घोटलेल्या ज्वारीच्या कण्या पेयेच्या आधी येऊ शकतात.

ऑस्ट्रेलियातील 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात परिचारिकांनी ताप, रक्तशर्करा व गिळणे या तीनच बाबी ठरावीक पद्धतीने सांभाळल्या. 90 दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व या गटात 42 टक्के, तर नेहमीच्या गटात 58 टक्के आढळले.

उपाशी ठेवणे हाही मार्ग नव्हे. 2005 च्या ‘फूड’ अभ्यासात 859 रुग्णांपैकी ज्यांना नळीद्वारे लवकर अन्न दिले, त्यांच्यात मृत्यू शंभरामागे सुमारे सहाने कमी दिसले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस पुरता उतरला नाही, आणि वाचलेल्यांपैकी अनेक जण परावलंबीच राहिले, हेही नातेवाइकांस सांगावे. नळीने अन्न देताना डोके व छाती किमान 30 अंश उंच असावी. अन्नानंतर लगेच आडवे करू नये.

औषधी दुकानदारांस एक विनंती. काढे व आसवारिष्टे पातळ असतात. आसवारिष्टांत गूळ-साखरही असते, आणि हे रुग्ण पुष्कळदा मधुमेही असतात. गुग्गुळकल्पाच्या कुटलेल्या गोळ्यांनी नळी चोंदते. तेव्हा बाटली हाती देण्यापूर्वी ‘रुग्ण तोंडाने घेतो की नळीने?’ एवढे विचारावे, आणि उत्तर ‘नळीने’ असे आल्यास रुग्णालयातील चिकित्सकाची चिठ्ठी मागावी.